कोहिमाची वॉर सिमेट्री: कुणाला कबर, कुणाला नुसतं नाव

नागालँडला फिरायला गेलेली माणसं कोहिमाच्या वॉर सिमेट्रीत एक चक्कर टाकतातच, कारण ती गावाच्या अगदी मध्यात आहे, मस्त राखलेली आहे, हिरवळ, फुलं, टेकडीवर पायऱ्यापायऱ्यांनी वर चढत जाणाऱ्या कबरींच्या ओळी. खाली दाराजवळ तो प्रसिद्ध मजकूर कोरलेला दगड आहे, तिथं फोटो होतो, दोनचार ओळींतली नावं वाचून होतात, ती बहुतेक इंग्रज असतात, आणि माणूस असं धरून चालतो की ही इंग्रजांची जागा, आपला काय संबंध. मीही पहिल्यांदा असंच समजून अर्ध्यातूनच उतरणार होते. पण दम खात खात पार वरपर्यंत चढलं की तिथं एक वेगळंच स्मारक लागतं, त्यावर ब्राँझच्या पट्ट्या आणि त्या पट्ट्यांवर सिंग, राम अशी आपल्या ओळखीची नावं, एकाखाली एक, ९१७ नावं. तिथं कबर एकही नाही, नुसती नावं. हे असं का, खाली कबरी आणि वर नावं का, याचं उत्तर शोधताना मला जे जे कळलं ते सगळं इथं साध्या भाषेत लिहितेय, कारण हे आपल्याला शाळेत कुणी सांगितलेलं नाही.

आधी लढाई थोडक्यात. दुसरं महायुद्ध चालू होतं, आणि १९४४ च्या मार्चमध्ये जपानी सैन्य ब्रह्मदेशातून चिंदविन नदी ओलांडून मणिपूर आणि नागा टेकड्यांत घुसलं. जनरल मुतागुचीचा बेत असा होता की इम्फाळ घ्यायचं आणि त्याच वेळी कोहिमा तोडायचं, म्हणजे दिमापूरच्या रेल्वेवरून इम्फाळला जाणारी एकुलती एक सडक बंद होईल. कोहिमासाठी जनरल सातोची ३१ वी डिव्हिजन निघाली, साधारण १५,००० माणसं. आणि त्या वेळी कोहिमात ब्रिटिशांच्या बाजूचे, म्हणजे इंग्रज आणि भारतीय मिळून, लढू शकणारे लोक होते जेमतेम दीड हजार, बाकी दवाखान्यातले, स्टोअरमधले, ऑफिसातले.

इथं एक गोष्ट मराठी माणसाला माहीत असायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. ही जपानी फौज कोहिमाला पोचायच्या आधी वाटेत सांगशाक नावाच्या गावापाशी अडली, २० ते २६ मार्च, आणि तिला अडवणाऱ्यांत ५० व्या भारतीय पॅराशूट ब्रिगेडबरोबर मराठा लाइट इन्फन्ट्रीची ४ थी बटालियन होती. काटेरी तार नव्हती, पाणी अपुरं, जमीन इतकी खडकाळ की खंदक कमरेएवढेसुद्धा नीट खणता येईनात, आणि अशा उघड्या टेकाडावर हे लोक जवळजवळ आठवडाभर टिकले. २६ च्या रात्री जे चालू शकत होते ते जंगलातून निसटले. पण तो जो आठवडा मिळाला त्यामुळे मागे कोहिमा आणि इम्फाळमध्ये तयारीला वेळ मिळाला. तसंच जेसामी आणि खारासोमला आसाम रेजिमेंटच्या पोरांनी केलं, त्यांची पलटण तर नुकतीच उभी राहिलेली होती.

मग एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कोहिमाला वेढा पडला. एकेक टेकडी जात गेली आणि शेवटी सगळे एका गॅरिसन हिलवर कोंडले गेले, तिच्या उतारावर डेप्युटी कमिशनरचा बंगला होता, बंगल्याच्या वर त्याचं टेनिस कोर्ट. कोर्टाच्या एका अंगाला हे कोंडलेले सैनिक, दुसऱ्या अंगाला जपानी, मध्ये फक्त तेवढंच अंतर जेवढं टेनिस खेळणाऱ्या दोघांत असतं, आणि त्यावरून रात्रभर हातबॉम्ब फेकले जायचे. पाण्याची लाइन तुटली, पाणी आणि औषधं विमानातून टाकायची, त्यातली काही पॅराशूटं वाऱ्यानं जपान्यांच्या बाजूला जायची. जखमी लोक उघड्या चरात झोपवलेले, हलवायला जागाच नाही, त्यामुळे एकदा जखमी झालेला माणूस तिथंच पडल्या पडल्या दुसऱ्यांदा जखमी व्हायचा. १८ एप्रिलला पंजाब रेजिमेंटची बटालियन फोडून आत पोचली तेव्हा वेढा उठला, पण लढाई काही संपली नाही. १३ मेला एक रणगाडा कसाबसा टेकडीवर चढवून थेट टेनिस कोर्टावर आणला, समोरचे बंकर जवळून उडवले, तेव्हा कुठे ती जागा मोकळी झाली, आणि इम्फाळची सडक पूर्ण उघडायला २२ जून उजाडला.

ही सिमेट्री त्याच गॅरिसन हिलवर आहे. म्हणजे सोयीची जागा बघून नंतर कबरस्तान केलं असं नाही, जिथं माणसं पडली तीच टेकडी. टेनिस कोर्टाच्या रेषा आजही तिथं पांढऱ्या सिमेंटनं आखून ठेवल्यात. त्या रेषेवर उभं राहून समोरच्या रेषेकडे बघा, पंचवीसेक पावलं असतील, तेवढ्यात कळतं काय ते, मला तरी त्यापुढे पुस्तकातले नकाशे बघायची गरज वाटली नाही.

आता लढाईत मेलेल्या माणसाचं पुढे होतं काय, हे नीट समजून घेऊ, कारण सगळी सिमेट्री त्यावर उभी आहे. ब्रिटिश फौजेत सैनिकाच्या गळ्यात दोन चकत्या असायच्या, दाबून बनवलेल्या फायबरच्या, एक लाल गोल आणि एक हिरवी अष्टकोनी. दोन्हीवर नाव, नंबर, धर्म. माणूस मेला की लाल चकती काढून घ्यायची, ती कागदपत्रांसाठी, आणि हिरवी अंगावरच ठेवायची, म्हणजे पुढे कधी उकरलं तरी कोण होता ते कळावं. मग जमेल तिथं, खंदकाच्या कडेला, रस्त्याच्या कडेला, घाईघाईत पुरायचं, वर लाकडी खूण, आणि जागेची नोंद. लढाई संपल्यावर ग्रेव्हज रजिस्ट्रेशनची, म्हणजे थडग्यांची नोंदणी करणाऱ्या खात्याची माणसं या नोंदी घेऊन डोंगर धुंडाळत फिरतात, विखुरलेली थडगी शोधतात, उकरतात, ओळख पटवतात आणि सगळ्यांना एका ठिकाणी आणून पुन्हा पुरतात. वाचायला एका ओळीत संपलं, पण पावसाळ्यातले नागा टेकड्यांचे उतार डोळ्यापुढे आणा, दरडी कोसळलेल्या, रान वाढलेलं, खुणेचं लाकूड कुजलेलं. ज्यांची ओळख पटली नाही त्यांच्या दगडावर नावाऐवजी एवढंच लिहितात की हा कोण ते देवाला माहीत, हे शब्द इंग्रज लेखक किपलिंगनं सुचवलेले, त्याचा स्वतःचा मुलगा पहिल्या महायुद्धात बेपत्ता झाला होता.

लोक विचारतात की मग बॉडी घरी का नाही नेल्या. याचं उत्तर पहिल्या महायुद्धात आहे. १९१५ मध्ये ब्रिटनचे जुने पंतप्रधान ग्लॅडस्टन यांचा नातू फ्रान्समध्ये मारला गेला आणि घराणं मोठं म्हणून त्याचा मृतदेह उकरून इंग्लंडला नेला गेला. फेबियन वेअर नावाचा एक माणूस तेव्हा रेडक्रॉसच्या गाड्या घेऊन आघाडीवर होता आणि स्वतःहून थडग्यांच्या नोंदी ठेवायला लागला होता, त्याला हे पटलं नाही, ज्याच्याकडे पैसा आणि वशिला त्याचा मुलगा घरी येणार आणि गरिबाचा चिखलात राहणार हे बरोबर नाही असं त्याचं म्हणणं, आणि मग कुणालाच न्यायचं नाही हा नियम पक्का झाला. २१ मे १९१७ ला त्यासाठी कमिशन स्थापन झालं, तेव्हा इम्पीरियल वॉर ग्रेव्हज कमिशन, १९६० पासून नाव बदलून कॉमनवेल्थ. १९१८ मध्ये फ्रेडरिक केन्यन यांनी अहवाल लिहिला आणि तत्त्वं ठरली: प्रत्येकाचं नाव दगडावर किंवा स्मारकावर असणारच, ते कायमचं असणार, दगड सगळ्यांचे सारखे असणार, आणि हुद्दा, वंश, धर्म यावरून फरक करायचा नाही.

आज हे ऐकून आपण मान डोलावतो पण तेव्हा यावरून घरोघरी आगडोंब उसळला होता. तीन मुलगे युद्धात गमावलेल्या लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांनी ८,००० हून जास्त सह्यांचा अर्ज दिला, आमच्या पोरांच्या कबरीवर निदान क्रॉस तरी असू द्या, हे सगळीकडे सारखे उभे दगड नकोत. १९२० मध्ये पार्लमेंटात वाद झाला. मला त्या आयांचंही चुकीचं वाटत नाही, मुलगा आपला, माती परकी, आणि दगडावर काय असावं हेही सरकार ठरवणार. तरीही नियम टिकला ते बरं झालं असं मी म्हणेन, आणि ते का ते कोहिमाला दिसतं. तिथं जॉन हारमन आहे, साधा लान्स कॉर्पोरल, आणि जॉन रँडल आहे, कॅप्टन, दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सगळ्यात मोठं पदक, दोघंही याच लढाईत गेले. दोघांच्या पाट्या एकाच मापाच्या, आणि शेजारपाजारचा ज्याला काहीच पदक मिळालं नाही त्याचीही तेवढीच. मोठा कोण हे लांबून ओळखता येत नाही.

फ्रान्समध्ये असतात तसे उंच पांढरे दगड कोहिमाला नाहीत हेही लक्षात आलं असेल. इथं बुटका दगडी ओटा असतो आणि त्यावर तिरकी बसवलेली ब्राँझची पाटी. वाकून वाचावी लागते. वर पलटणीचं चिन्ह, मग नंबर, हुद्दा, नाव, तारीख, वय, धर्माची खूण, आणि अगदी खाली घरच्यांनी दिलेली एखादी ओळ. ती ओळ मोजून मापून द्यावी लागायची, पहिल्या महायुद्धात ६६ अक्षरांची मर्यादा होती, त्यात मधली मोकळी जागाही धरायची. एका आयुष्याबद्दल ६६ अक्षरं. आणि ती ओळ लिहिणाऱ्या आईबापांपैकी बहुतेकांना इथं कधीच येता आलं नसणार, त्यांनी ती पाटी बघितलीच नसणार.

आता वरच्या स्मारकाकडे. सिमेट्रीत १,४२० कबरी आहेत, त्यात ख्रिश्चन आणि मुसलमान दोन्ही. हिंदू आणि शीख सैनिकांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला, मग कबर कुठून असणार, म्हणून त्यांच्यासाठी क्रिमेशन मेमोरियल, म्हणजे दहन झालेल्यांचं स्मारक. हे काही कमीपणा दाखवायला केलेलं नाही, उलट टेकडीच्या सगळ्यात उंच जागेवर आहे. तरी त्याचा एक परिणाम होतो तो सांगितला पाहिजे. कबर डोळ्यात भरते, जागा व्यापते, मोजता येते. भिंतीवरचं नाव हे एका ओळीएवढंच. त्यामुळे फिरून आलेला माणूस म्हणतो इंग्रज किती मेले हो, आणि आपले ९१७ त्याला दिसलेलेच नसतात कारण तो तेवढं वर चढलेलाच नसतो. इम्फाळलाही असंच आहे, तिथं भारतीय सैन्याची वेगळी सिमेट्री आहे, त्यात बहुतेक मुसलमान सैनिकांच्या कबरी, ९ व्या जाट रेजिमेंटचा जमादार अब्दुल हाफिज तिथंच आहे, व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेला, आणि तिथंच हिंदू शिखांचं दहन स्मारक.

पण कोहिमाला निदान नाव तरी आहे असं मी म्हणते त्याला कारण आहे, ते जरा जीवाला लागणारं आहे. हुद्दा वंश धर्म सगळे समान हे तत्त्व कागदावर १९१८ पासूनचं, वागणूक तशी सगळीकडे नव्हती. फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या भारतीय स्मारकावर, १९२७ चं आहे ते, ४,७०० हून जास्त भारतीयांची नावं एकेक करून कोरलीत. आणि त्याच युद्धातलं इराकमधलं बसरा स्मारक बघा, तिथं ब्रिटिशांची नावं, भारतीय अधिकाऱ्यांची नावं, आणि साधा भारतीय शिपाई मात्र नुसत्या आकड्यात, अमुक पलटणीचे अमुक इतके. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मराठा पलटणी होत्या, कूतच्या वेढ्यात होत्या, १९१६ च्या एप्रिलमध्ये कूत पडलं तेव्हा जे कैदी झाले त्यातले कितीतरी वाटेतच संपले. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरकडची पोरं ती. युरोपात, लोकांच्या नजरेसमोर, नाव कोरलं, आणि वाळवंटात, जिथं बघायला कोण येणार, तिथं आकडा टाकला. २०२१ मध्ये कमिशननं स्वतःच चौकशी समितीचा अहवाल प्रसिद्ध केला आणि मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या साधारण ४५,००० ते ५४,००० जणांना, मुख्यतः भारतीय, आफ्रिकी आणि इजिप्शियन लोकांना, असं असमान स्मरण मिळालं, आणि त्याशिवाय निदान १,१६,००० जण, बहुतेक आफ्रिकी आणि मध्यपूर्वेतले, असे की ज्यांचं नावानं किंवा अजिबातच स्मरण झालं नाही. त्यांनी माफीही मागितली.

आपल्याकडे काही गावांत जुनी संगमरवरी पाटी असते, देवळाजवळ नाहीतर चावडीच्या भिंतीत, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं असतं की या गावातून १९१४ ते १९१९ च्या महायुद्धावर इतके पुरुष गेले, त्यातले इतके कामी आले. इतके आणि इतके. नाव एकही नाही. म्हणजे बसऱ्याला आकडा आणि घरी गावातही आकडाच. म्हणून कोहिमाच्या त्या ब्राँझच्या पट्टीवर एखाद्या शिपायाचं पूर्ण नाव बघितल्यावर मी तिथंच बराच वेळ थांबले, नाव वाचलं, मोठ्यानं वाचलं.

आणखी एक प्रकार आहे, ज्यांचा देहच मिळाला नाही. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर असे जवळजवळ २७,००० आहेत, त्यांची नावं यांगोनजवळ तौक्यानच्या सिमेट्रीत रंगून मेमोरियलच्या खांबांवर आहेत, त्यात भारतीय प्रचंड संख्येनं. आपल्या माणगावकडचे यशवंत घाडगे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण त्यांची ना कबर ना दहनाची जागा, त्यांचं नाव इटलीतच कॅसिनो मेमोरियलवर आहे. म्हणजे वॉर सिमेट्री बघताना तीन गोष्टी वेगळ्या ओळखायच्या: पुरलेल्यांची कबर, दहन झालेल्यांचं स्मारक, आणि न सापडलेल्यांचं स्मारक. आपल्या घरचं कुणी शोधायचं असेल तर हे माहीत असलं की बरीच वणवण वाचते.

या टेकडीवर कोण नाही तेही सांगायला पाहिजे. जपानी नाहीत. कोहिमाच्या लढाईत त्यांचे साडेपाच हजारांच्या वर मेले, जखमी झाले किंवा हरवले, आणि त्यापेक्षा वाईट हाल परतीच्या वाटेवर झाले, सातोनं वरिष्ठांचा हुकूम नसताना माघार घेतली कारण त्याच्या लोकांना खायला काही उरलेलं नव्हतं, भुकेनं आणि आजारानं माणसं रस्त्याकडेला बसली ती उठलीच नाहीत. त्याच मोहिमेत त्यांच्याबरोबर आझाद हिंद सेनेचे जवान होते, तेही आपलेच, कमिशनच्या यादीत ते बसत नाहीत कारण कमिशन फक्त ब्रिटिशांच्या बाजूच्या फौजेचं बघतं. एकाच मुलखात दोन्ही बाजूंनी भारतीय मेले आणि नावं एकाच बाजूची कोरली गेली, हे मला अजून खुपतं.

आणि नागा लोक. त्यांची गावं जळाली, कोहिमा गाव उद्ध्वस्त झालं, त्यांनी जखमींना स्ट्रेचरवरून डोंगर उतरवले, दारूगोळा वाहिला, वाटा दाखवल्या, बातम्या आणल्या. खाली दाराजवळचा जो मोठा दगड, २ ऱ्या ब्रिटिश डिव्हिजनचं स्मारक, तो नागांनी आपल्या पद्धतीनं ओढत वर आणलेला आहे, त्यांच्याकडे थोर माणसाच्या आठवणीसाठी असा दगड उभा करायची रीत आहे. त्यावरच्या ओळी जगभर प्रसिद्ध आहेत, घरी गेलात की त्यांना आमच्याबद्दल सांगा, म्हणावं, तुमच्या उद्यासाठी आम्ही आमचा आज दिला. या ओळी कोहिमासाठी लिहिलेल्या नाहीत बरं का, जॉन मॅक्सवेल एडमंड्स या इंग्रज प्राध्यापकाच्या समजल्या जातात, पहिल्या महायुद्धाच्या वेळच्या, आणि त्यामागे ग्रीकांच्या थर्मापिलीच्या लढाईवरच्या जुन्या ओळींची प्रेरणा. पण त्या चिकटल्या त्या कोहिमालाच.

शेवटी कामाचं. कुणाच्या घरी पणजोबा, आजोबांचा भाऊ असं कुणी युद्धावर गेलं आणि परत आलं नाही अशी गोष्ट असेल तर कमिशनच्या वेबसाइटवर फुकट शोधता येतं, जगभरातली १७ लाख नावं आहेत. अडचण स्पेलिंगची येते. कारकुनानं ऐकलं तसं लिहिलेलं, त्यामुळे जाधव तीनचार तऱ्हांनी सापडतो, आडनाव बऱ्याचदा नसतंच, नुसतं नाव आणि बापाचं नाव. पलटणीच्या नावातही तेव्हा मराठा हा शब्द Mahratta असा लिहायचे, तसंच टाकून बघा. नावावरून नाहीच मिळालं तर पलटण आणि वर्ष टाकून यादी काढा आणि एकेक नोंद उघडा, दुसऱ्या महायुद्धाच्या कितीतरी नोंदींत बापाचं नाव, बायकोचं नाव आणि गाव किंवा जिल्हा दिलेला असतो, तिथं ओळख पटते. चिकाटी लागते, एका बसणीत होत नाही. नोंदीत चूक दिसली, गावाचं नाव, वय, काहीही, तर घरातले जुने कागद, पेन्शनचं पुस्तक, पलटणीचं पत्र जे असेल त्याचे फोटो जोडून कमिशनला लिहिता येतं, पुरावा पटला तर ते नोंद दुरुस्त करतात.